वंशावळीचा कागद आणि पडद्यावरील वृक्ष : श्रेणीबद्ध माहितीच्या मांडणीचा इतिहास, सुरगाण्याच्या संदर्भात

जी माहिती एकाखाली एक अशा पायऱ्यांनी रचलेली असते ती सपाट पृष्ठभागावर कशी मांडावी, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्या पुत्रांचे पुत्र; प्रांत, परगणा, तर्फ, मौजे; दप्तर, रुमाल, पुडके आणि कागद, या सर्व रचनांचा आकार वस्तुतः एकच आहे. त्यांतील प्रत्येक घटकाला वरचा एकच घटक असतो, खालचे मात्र कितीही असू शकतात. सर्वांत वरच्या घटकाच्या वर कोणी नसते आणि सर्वांत खालच्याच्या खाली कोणी नसते. अशा रचनेस ‘वृक्ष’ हे नाव पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे रूढ झाले. संगणकाच्या पडद्यावर डाव्या कडेला दिसणारी, अधिक-उणे चिन्हांनी उघडणारी व मिटणारी यादी ही या दीर्घ परंपरेतील अलीकडची पायरी होय. ती केवळ सोयीची वस्तू मानली जाते. परंतु मांडणीचा आकार हा कोणता प्रश्न विचारता येईल आणि कोणता विचारता येणार नाही हेही ठरवीत असतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याकडे पाहिले असता हे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

१. वंशावळीचे दोन प्रकार

मराठी कागदपत्रांत वंशावळीला जे महत्त्व प्राप्त झाले त्याचे कारण वतन हे आहे. देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत असल्यामुळे वडीलकी कोणाची आणि वाटणी कितव्या पिढीत झाली, या गोष्टींवर मान, हक्क आणि उत्पन्न अवलंबून असे. वतनाचा वाद गोतसभेपुढे किंवा सरकारपुढे आला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापले करीने सादर करीत, आणि त्या करीन्यांत मूळ पुरुषापासून वर्तमान पिढीपर्यंतची हकीकत क्रमाने सांगितलेली असे. अव्वल इंग्रजीत ही गरज संपली नाही, उलट वाढली. इनामांच्या चौकशीसाठी केलेला १८५२ चा ११ वा कायदा आणि वंशपरंपरागत हुद्द्यांविषयीचा मुंबई इलाख्याचा १८७४ चा कायदा यांमुळे वारसाची सिद्धता हे महसूल कचेरीचे नित्याचे काम होऊन बसले. महाराष्ट्रात पाटिलकीची वतने १९६२ च्या कायद्याने नष्ट झाली. तोपर्यंत वंशावळ हा जिवंत दस्तऐवज होता.

या वंशावळी दोन प्रकारे लिहिल्या जात. पहिला प्रकार गद्याचा. अमक्याचे पुत्र तिघे, वडील अमुक, मधले अमुक, धाकटे निर्वंश, अशी ती वाचनाची व श्रवणाची वंशावळ होती. ती कितीही लांबविता येई, पण एकाच दृष्टिक्षेपात तिच्यातून काही दिसत नसे. दुसरा प्रकार रेघांचा. त्यात मूळ पुरुष माथ्यावर आणि त्याच्याखाली आडव्या-उभ्या रेघांनी जोडलेली संतती असे. येथे मुळे वर आणि पाने खाली, म्हणजे वृक्ष उलटा आहे. मध्ययुगीन युरोपातील येशूच्या वंशचित्रांत याच्या उलट मूळ पुरुष खाली निजलेला आणि त्याच्यातून वर वाढणारी वेल दाखविलेली असे. मराठी कारकुनाने मात्र मूळ पुरुषाला वर बसविले, कारण लेखन वरून खाली चालते आणि मानही वरून खाली चालतो.

रेघांच्या वंशावळीत एक अंगभूत अडचण आहे. पिढीगणिक तिची रुंदी वाढते. दर पुरुषाला तीन पुत्र धरले तरी सहाव्या पिढीत एका ओळीत २४३ नावे बसवावी लागतील. कागदाला ते शक्य नाही. म्हणून विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले तेव्हा वंशवृक्षाचे तुकडे पाडून ते निरनिराळ्या पानांवर द्यावे लागले, आणि एका शाखेतून दुसरीकडे जाण्यासाठी वाचकास क्रमांकांचा आधार द्यावा लागला. वृक्ष तोडल्यावाचून पुस्तकात मावत नाही, आणि तोडला म्हणजे तो वृक्ष म्हणून दिसत नाही, असा हा पेच होता.

२. सुरगाणा आणि पेठ

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा, डांगाला लागून असलेला डोंगराळ प्रदेश. येथील वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी आदी आदिवासी समाजांची आहे. १९४८ पर्यंत हे एक लहान संस्थान होते आणि त्याच्या अधिपतीस ‘देशमुख’ ही पदवी होती. म्हणजे मुळात वतनवाचक असलेले नावच येथे राज्यपद झाले होते. सरकारी गॅझेटियरातील वृत्तांतावरून असे दिसते की, पेशवाई बुडाल्यानंतरच्या धामधुमीत इंग्रजी तुकडीवर हल्ला केल्याच्या आरोपावरून तत्कालीन देशमुखास फाशी देण्यात आले आणि त्याच्या भाऊबंदास अधिपती म्हणून मान्यता मिळाली. राज्य राहिले, शाखा बदलली. मुख्य फांदी तुटली असता शेजारची फांदी कोणती हे शोधण्यासाठी वंशवृक्षाकडे पाहावे लागते, ही गोष्ट या घटनेतून ध्यानात येते.

सुरगाण्याच्या दक्षिणेस लागून असलेल्या पेठ संस्थानाची गत निराळी झाली. तेथील बेगमेच्या निधनानंतर १८७८ मध्ये ते संस्थान खालसा होऊन ब्रिटिश मुलखात सामील झाले. एकाच डोंगररांगेतील दोन शेजारी संस्थाने; एकाच्या वंशावळीत उपयोगी पडणारी शाखा सापडली, दुसऱ्याच्या वंशावळीत पुढे चालणारी शाखा मान्य झाली नाही. वंशवृक्षाच्या कागदावर मुलखाचे भवितव्य कसे अवलंबून असते याचे याहून जवळचे उदाहरण शोधावयास नको.

मात्र हे सर्व राज्यकर्त्या घराण्यांचे झाले. त्यांच्या रयतेची वंशावळ कागदावर नव्हती. ती वडीलधाऱ्यांच्या स्मरणात होती, आणि डांग, सुरगाणा, पेठ या पट्ट्यात पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारल्या जाणाऱ्या कोरीव लाकडी खांबांत होती. लेखी वंशावळ नसणे हा त्या काळी दोष नव्हता. तो पुढे दोष ठरला.

३. पत्त्याची ओळ

वृक्ष मांडण्याची आणखी एक रीत मराठी दप्तरात होती, ती म्हणजे संपूर्ण वृक्ष न काढता त्यातील एकच वाट लिहिणे. ‘मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक, प्रांत अमुक’ अशी कागदाच्या आरंभी येणारी ओळ ही पानापासून मुळापर्यंतची वाट आहे. आजच्या सातबाराच्या उताऱ्यावर गाव, तालुका, जिल्हा अशी जी नोंद असते ती याच जातीची. संगणकात एखाद्या फाइलचा पत्ता फोल्डरामागून फोल्डर असा तिरप्या रेघांनी तोडून लिहितात. तो मुळाकडून पानाकडे जातो एवढाच फरक. या रीतीचा गुण असा की एका घटकाचे स्थान निःसंदिग्धपणे कळते. तिची मर्यादा अशी की त्या घटकाचे शेजारी कोण आहेत हे मुळीच कळत नाही. ज्याला गाव ठाऊक आहे त्याला ही ओळ पुरते. ज्याला गाव शोधावयाचे आहे त्याला वृक्षच लागतो.

४. पश्चिमेकडील वाटचाल

युरोपात तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याच्या विवेचनावरून पदार्थांच्या वर्गीकरणाचा वृक्ष काढण्याची प्रथा पडली व ती तर्कशास्त्राच्या अध्यापनात शतकानुशतके टिकली. एकोणिसाव्या शतकात या कल्पनेला दोन नवी क्षेत्रे लाभली. १८५५ मध्ये न्यूयॉर्क अँड ईरी या रेल्वेचा अधीक्षक डॅनियल मॅकॅलम याने आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांची व कर्मचाऱ्यांची उतरंड एका मोठ्या वृक्षाकृतीत रेखाटविली. तिच्यात संचालक मुळाशी असून रेल्वेचे फाटे हेच वृक्षाच्या फांद्या झाले होते. १८५७ मध्ये इंग्रज गणिती आर्थर केली याने ‘वृक्ष’ ही संज्ञा गणितात आणली. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या ग्रंथात एकच आकृती आहे आणि तीही फांद्या फुटत जाणाऱ्या रेघांचीच आहे. येणेप्रमाणे तर्क, कारभार, गणित व जीवशास्त्र या चारही ठिकाणी वृक्ष रुजला. परंतु कागदाच्या रुंदीचा पेच कोणालाच सुटला नाही.

५. संगणकाच्या पडद्यावर

तो पेच सुटला दोन युक्त्यांच्या संयोगाने. पहिली युक्ती म्हणजे समास. प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळ द्यावयाची आणि पिढी जितकी खालची तितकी ती ओळ उजवीकडे सरकवावयाची. असे केले असता रुंदी माणसांच्या संख्येने वाढत नाही, फक्त पिढ्यांच्या संख्येने वाढते. वर दिलेल्या उदाहरणातील सहावी पिढी आता २४३ नावांची आडवी ओळ राहत नाही. ती केवळ पाच समास आत सरकलेली उभी यादी होते. ही युक्ती कागदालाही ठाऊक होती. परंतु तीमुळे लांबी वाढते, आणि भाऊ-भाऊ एकमेकांपासून कित्येक पाने दूर जातात. म्हणून दुसरी युक्ती आवश्यक ठरली. ती म्हणजे मिटविणे. जी शाखा पाहावयाची नाही ती मिटवून तिच्या जागी केवळ तिचे नाव ठेवावयाचे. ही गोष्ट कागदाला अशक्य होती. ती पडद्यानेच शक्य केली.

या वाटचालीतील टप्पे असे सांगता येतील. १९६५ मध्ये मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात फाइलींची वृक्षाकार रचना मांडण्यात आली व पुढे युनिक्सने ती सार्वत्रिक केली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट याने आपली प्रणाली जाहीरपणे दाखविली. तिच्यात बाजारहाटाच्या एका साध्या यादीचे गट व उपगट पाडून, खालचे थर हवे तेव्हा लपविता व हवे तेव्हा उघडता येतात हे त्याने प्रत्यक्ष करून दाखविले. त्याच सुमारास आय.बी.एम. कंपनीने अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी वृक्षाकार माहितीकोश सिद्ध केला. १९८५ मध्ये एक्सट्री या आज्ञावलीने लहान संगणकांवर फाइलींचा वृक्ष रेघांनी काढून दाखविला. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये आणि १९९१ च्या मॅकिंटॉशच्या सातव्या प्रणालीत तो माउसने उघडता-मिटविता येऊ लागला. मॅकिंटॉशने त्यासाठी लहान त्रिकोण वापरला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ ने हा वृक्ष तयार घटक म्हणून आज्ञावलीकारांच्या हाती दिला. तेव्हापासून कोणत्याही कचेरीची आज्ञावली लिहिणाऱ्यास तो स्वतः घडविण्याची गरज उरली नाही, आणि म्हणूनच तो सर्वत्र दिसू लागला.

पडद्यामागील व्यवस्था ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७० मध्ये एडगर कॉड याने माहिती वृक्षाकार न साठविता साध्या तक्त्यांत साठवावी असे प्रतिपादन केले आणि कालांतराने तेच मत प्रस्थापित झाले. तेव्हा बहुधा वृक्ष हा साठवणीत नसतोच. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत त्या घटकाचा क्रमांक आणि त्याच्या जनकाचा क्रमांक एवढेच असते. वाचकाने अधिक चिन्हावर बोट ठेवले म्हणजे ‘ज्यांचा जनक हा आहे ते सर्व’ अशी विचारणा होते आणि आलेली नावे एक समास आत लिहिली जातात. मोठ्या वृक्षात न उघडलेल्या शाखांची माहिती तोवर आणलेलीही नसते. म्हणजे पडद्यावरील वृक्ष हा दर वेळी, विचारणाऱ्याच्या बोटाबरोबर, नव्याने वाढतो.

या मांडणीचे दोषही लवकरच जाणवले. १९८८ च्या नेक्स्ट संगणकाने समासाऐवजी शेजारी-शेजारी स्तंभ वापरले. १९९० च्या सुमारास मेरिलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन याला संगणकाची साठवण कोणी भरून टाकली हे शोधावयाचे होते. समासाच्या वृक्षावरून नावे कळत, आकारमान कळत नसे. म्हणून त्याने चौकोनात चौकोन बसविलेली नकाशासारखी मांडणी योजिली. २०१४ मध्ये जागतिक वेब संघटनेने संमत केलेल्या प्रमाणानुसार पडद्यावरील वृक्ष अंध वाचकास ऐकविताही येतो. हा घटक कितव्या पातळीवरचा, कितींपैकी कितवा, उघडा की मिटलेला, हे वाचनयंत्र बोलून दाखविते. वडील, मधला, धाकटा असे सांगत जाणाऱ्या करीन्यातील गद्य वंशावळीचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही.

६. वृक्षात न मावणारे

आता पुन्हा सुरगाण्याकडे वळले असता या मांडणीच्या तीन मर्यादा स्पष्ट होतात, आणि त्या केवळ तांत्रिक नाहीत.

पहिली मर्यादा पानाची. महसुली अभिलेख पडद्यावर पाहावयाचा तर जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने निवड करावी लागते. या वृक्षाचे शेवटचे पान म्हणजे महसुली गाव. परंतु सुरगाण्यासारख्या प्रदेशात माणसे राहतात ती पाड्यांवर. एका गावाचे अनेक पाडे असतात व ते एकमेकांपासून दूर असतात. सुरगाणा तालुका पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्याला किंवा पाड्यांच्या समूहाला स्वतःची ग्रामसभा असू शकते हे तत्त्व मान्य केले, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यास गाव म्हणून घोषित करून घेण्याची रीत घालून दिली. म्हणजे कायद्याने वृक्षाला आणखी एक पिढी जोडली. ज्या मांडणीत गाव हेच शेवटचे पान आहे तीत या नव्या पिढीला जागा नाही; आणि ज्याला यादीत जागा नाही त्याचे नाव निवडता येत नाही.

दुसरी मर्यादा जनकाची. वृक्षात प्रत्येक घटकाला वरचा घटक एकच असतो. पितृवंशाच्या वंशावळीला हे चालले, कारण तीत माता, पत्नी व कन्या यांना बहुधा स्थानच नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र विवाहित व्यक्तीच्या बाबतीत वनजमिनीचा हक्क पती व पत्नी या दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदविला जावा असे ठरविले. त्या जमिनीच्या पुढील वारसाचा विचार करताना मुळाशी दोन नावे येतात. दोन जनक असलेली नोंद आली की गणिताच्या व्याख्येने वृक्ष संपतो व जाळे सुरू होते. आज्ञावली एकच जनक विचारणारी असेल तर दुसरे नाव शेऱ्याच्या रकान्यात जाते, आणि शेरा हा वंशवृक्षात उघडत नाही.

तिसरी मर्यादा मिटलेल्या शाखेची. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून ज्या गोष्टी ग्राह्य धरल्या आहेत त्यांत जुन्या अभिलेखात उल्लेख असलेल्या व्यक्तीपर्यंत पोचणारी वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन या दोहोंचा समावेश आहे. त्याचप्रमाणे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात दिलेल्या निर्देशांनंतर, आणि महाराष्ट्राच्या २००० सालच्या जातप्रमाणपत्रविषयक कायद्यानंतर, पडताळणी समितीपुढे पितृपक्षाकडील रक्तसंबंधी नातेवाइकांची वंशावळ मांडावी लागते. चुलत्याला मिळालेले वैधता प्रमाणपत्र पुतण्याच्या उपयोगी पडावयाचे तर ते दोघे एकाच वृक्षावर दाखवावे लागतात. ज्या समाजाची वंशावळ स्मरणात व खांबांवर होती त्याच्याकडे आता ती कागदावर मागितली जाते. अशा वेळी मिटलेल्या शाखेत ‘संतती नाही’ आणि ‘संतती आहे, परंतु दाखविलेली नाही’ या दोन निराळ्या स्थिती स्पष्टपणे वेगळ्या दिसल्या पाहिजेत. जुना कारकून पहिल्या स्थितीसाठी ‘निर्वंश’ हा शब्द आवर्जून लिहीत असे. रिकामी जागा ठेवीत नसे. पडद्यावर हा भेद केवळ एका बारीक चिन्हाच्या असण्या-नसण्यावर अवलंबून असतो. आणि ‘संतती होती, पण तिची नोंदच झाली नाही’ ही जी तिसरी स्थिती, तिच्यासाठी तर चिन्हच नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जे शेतकरी पायी चालत गेले त्यांत सुरगाणा तालुक्यातील आदिवासींचा मोठा भरणा होता, आणि कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्याच महिन्यात ते मुंबईत पोचले. त्या मागणीची कारणे अनेक आहेत व ती एका मांडणीच्या दोषात शोधणे अयोग्य होईल. परंतु दाव्याचा कागद सिद्ध करताना पिढीमागून पिढी जोडून दाखविण्याचे जे ओझे दावेदारावर येते ते त्या मागणीपासून वेगळेही काढता येत नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, वंशावळीच्या कागदापासून पडद्यावरील वृक्षापर्यंत जी प्रगती झाली ती मुख्यतः जागेची आहे. रुंदी आवरली, लांबी मिटविता आली, एका खोलीतील रुमाल एका बोटाखाली आले. वृक्षाची मूळ अट मात्र बदलली नाही; वर एकच जनक आणि खाली जे ठरविले असेल तेच शेवटचे पान. वतनाच्या काळी ही अट समाजाच्या रचनेशी जुळत होती, कारण ती त्याच रचनेतून आली होती. आज कायद्याने पाडा हे गाव मानले आहे, पत्नीला हक्कदार मानले आहे आणि वडीलधाऱ्याच्या स्मरणाला पुराव्याचे स्थान दिले आहे. अशा स्थितीत अभिलेखाची आज्ञावली रचणाऱ्याने आरंभीच तीन गोष्टी ठरवावयास हव्यात. शेवटचे पान पुढे फुटू शकेल अशी सोय असावी; एका नोंदीला दोन जनक देता यावेत; आणि मिटलेली शाखा व रिकामी शाखा यांतील भेद शब्दाने लिहिलेला असावा. यांपैकी शेवटची गोष्ट मराठी दप्तराला ‘निर्वंश’ या एका शब्दाने फार पूर्वीच साधली होती.